एकतीस तारखेचा बँड

"आठ दिवस द्या मला, फक्त आठ दिवस! पोरगी पुण्याच्या नावाने नाचायला लागली नाही, तर नावाचा पांढरीपांडे नाही!"

रत्नाकरराव पांढरीपांडे हे बोलले ते फॅक्टरीच्या कँटीनमध्ये, तोंडात अर्धा समोसा असताना. तोंडात समोसा असताना माणसाने शपथा घेऊ नयेत. पण समोर बाळाजी वऱ्हाडपांडे बसलेला असला की रत्नाकररावांचा जिभेवर ताबा राहत नसे, त्याला कोण काय करणार!

बाळाजी त्यांचा शेजारी. जबलपूरजवळच्या रांझीच्या फॅक्टरी क्वार्टरमध्ये दोघांच्या मधली भिंत एकच. याने खिळा ठोकला की त्याच्याकडचं कॅलेंडर हलायचं. दोघंही मूळचे नागपूरकडच्या घरांतले, दोघंही सव्वीस वर्षांपूर्वी एकाच महिन्यात नोकरीला लागले. पण बाळाजी अकरा दिवस आधी लागला! त्या अकरा दिवसांनी रत्नाकररावांचा जन्म कडू करून टाकला होता. बाळाजीला प्रमोशन आधी. बाळाजीला कोपऱ्याचं क्वार्टर आधी, वर अंगणात आंब्याचं झाड. इतकंच काय, बाळाजीचा अक्षत रत्नाकररावांच्या दुर्वापेक्षा बरोबर अकरा दिवसांनी मोठा! आता याला माणसाने काय म्हणावं?

आणि यंदा देवाने पहिल्यांदा रत्नाकररावांकडे वळून पाहिलं. बारावीनंतर दोन्ही पोरांना पुण्यात ॲडमिशन मिळाली, आणि दुर्वाला अक्षतपेक्षा चांगल्या कॉलेजात मिळाली. रत्नाकररावांनी सगळ्या लाइनीत खोव्याची जलेबी वाटली. बाळाजीकडे तर स्वतः घेऊन गेले, आणि तो ती पूर्ण खाईपर्यंत समोर उभे राहून बघत राहिले.

पण सुख टिकलं किती? दोन दिवस! अक्षत पुण्याला जायचं म्हणून घरभर उड्या मारत होता, भिंतीतून धपधप ऐकू येई. आणि ज्या पोरीने बापाची मान उंच केली, ती दुर्वा खिडकीत बसून जांभळं खात होती.

"बेटा, पुणं!" रत्नाकरराव म्हणत.

"हो."

"अगं, एवढं मोठं शहर, एवढं मोठं कॉलेज..."

"बाबा, रहने दो नं. ऐकलं मी."

दोघांचंही तिकीट एकतीस जुलैच्या संध्याकाळच्या गाडीचं होतं. तीन ऑगस्टला कॉलेजात हजर व्हायचं, नाही झालं तर सीट गेली. आणि दुर्वाने शांतपणे सांगून टाकलं होतं, "जायचं की नाही ते मी एकतीसलाच सांगीन. इथे जबलपूरलाही कॉलेज आहेत."

हे बाळाजीला भिंतीतून ऐकू गेलंच. कँटीनमध्ये तो म्हणाला, "काहून रे रत्नाकर, पोरगी खुश नाही दिसून राहिली? आमचा अक्षत तर झोपेतही पुणं-पुणं करते."

त्यावर ती समोशातली शपथ!

*

रत्नाकरराव तपासणी विभागातले. सव्वीस वर्षं त्यांनी फॅक्टरीतून बाहेर जाणारी प्रत्येक वस्तू ठोकून, मोजून, तपासून सोडली होती. "ट्रायल घेतल्याशिवाय आमच्याकडून खिळाही गेटबाहेर जात नाही," हे ते पाहुण्यांना चहाआधी सांगत. तर पोरीचीही रीतसर तयारी करायची, असं त्यांनी ठरवलं.

एक जुलैला त्यांनी जबलपुरातल्याच गोरखपूर भागातल्या बाजारातून लालभडक सूटकेस आणली आणि बैठकीत मधोमध उघडी ठेवून दिली. येणाराजाणारा तिला अडखळायचा. मग विभागात असतो तसा एक फळा दारामागे लावला. त्यावर खडूने मोठ्ठं लिहिलं, 'पुण्याला उरले दिवस ३०'. रोज सकाळी जुना आकडा पुसून नवा लिहायचा. मग दुर्वाच्या खोलीत टेप घेऊन शिरले.

"तू बिलकुल काळजी करू नको बेटा! तुझ्या पलंगाच्या जागी कॅरम बरोबर बसते. मोजलं मी. तुझ्याविना आमचं काही अडणार नाही!"

दुर्वा जांभळाची बी खिडकीबाहेर थुंकून म्हणाली, "अच्छा."

"आणि आतापासून घरात काहून, करून राहिलो, असं बोलायचं नाही. पुण्यात हसतात लोक."

"मग मी सव्वीस वर्षं काय हसण्यासारखीच बोलून राहिली?" सुहासिनीवहिनी स्वयंपाकघरातून गरजल्या.

"तू नाही ग, तू..."

"काहून, मी काहून नाही?"

आता खरं सांगायचं तर रत्नाकररावांना पुण्याची माहिती तरी कुठे होती! आयुष्यात एकदा, खात्याच्या परीक्षेसाठी, दीड दिवस गेले होते. परीक्षेत नापास झाले आणि नवी छत्री तिथेच विसरून आले. त्यामुळे 'पुण्यात काय काय असतं' हे सांगायला बसले की परीक्षेचा हॉल आणि छत्री यापलीकडे गाडी सरकेना. आठ दिवस संपले. फळ्यावर बावीस आला. दुर्वा नाचायचं सोडा, साधी हसेनासुद्धा.

आणि नेमकी तेव्हा त्यांना संपदा भेटली.

गोरखपूरच्या बँकेत नवीनच बदलून आलेली ऑफिसर. तिशीच्या आतली, केस खांद्यापर्यंत, अस्सल पुण्याची. रत्नाकररावांचं आडनाव वाचून ती मराठीत म्हणाली, "काका, बसा ना. पाणी घेणार का आपण?" आणि रत्नाकरराव खुर्चीत बसता बसता मनात म्हणाले, सापडली! त्याच रविवारी त्यांनी तिला वडाभात खायला घरी बोलावलं.

संपदा आली. दुर्वा आधी खोलीतून बाहेरच येईना. मग आली. मग बसली. मग दहा मिनिटांनी त्या बैठकीत असा आवाज आला की रत्नाकररावांना वाटलं, भांडं पडलं. पण ते दुर्वाचं हसणं होतं! महिन्याभरात पहिल्यांदा!

रत्नाकररावांनी सुहासिनीवहिनींकडे विजयी मुद्रेने पाहिलं. बाळाजीकडे ऐकू जावं म्हणून त्याच्या बाजूची खिडकी उघडली. हा आनंद त्यांना साधारण पाऊण तास पुरला. पाऊण तासाने त्यांनी स्वतः एक विनोद केला, तोच, छत्रीचा. दुर्वा हसली नाही. संपदा तोच विनोद थोडा फिरवून परत म्हणाली, आणि दुर्वा लोटपोट!

रत्नाकररावांनी ताटातला वडा बाजूला सारला.

*

इथे एक गोष्ट सांगायला हवी. पांढरीपांड्यांच्या घरात रत्नाकररावांचं राज्य म्हणाल तर रोजची पंधरा मिनिटं. पहाटे फॅक्टरीचा पहिला भोंगा वाजला की ते उठून चहा करत. आलं स्वतः खलबत्त्यात कुटत. गॅसजवळ कोणी फिरकायचं नाही. दोन ग्लास घेऊन दाराच्या पायरीवर बसायचं, एक स्वतःला, एक दुर्वाला. आठवीत असल्यापासून दुर्वा हा चहा बापाबरोबर पीत होती. त्या पंधरा मिनिटांत शाळेतली भांडणं मिटली, गणितांशी झटापट झाली, गल्लीतल्या कुत्र्यांची बारशी झाली. सुहासिनीवहिनींना त्या पायरीवर प्रवेश नव्हता, आणि त्यांना नकोही होता.

तर सोमवारी सकाळी दुर्वाने एक घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला.

"बाबा, संपदाताई चहात वेलची टाकते. मस्त लागते."

वेलची! रत्नाकररावांना कोणी कानाखाली दिली असती तर एवढं लागलं नसतं.

"वेलची खिरीत टाकतात," ते म्हणाले.

"एकदा टाकून तर बघा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी वेलची टाकली नाहीच. आलं दुप्पट टाकलं! पहिल्या घोटाला दुर्वाला ठसका, दुसऱ्याला त्यांना स्वतःला.

त्यानंतर घरात 'संपदाताई म्हणते' सुरू झालं. संपदाताई म्हणते केस कापले तर छान दिसतील. केस कापून आली! संपदाताईला भेडाघाट दाखवायला नेली, स्कूटीवर, भर दुपारी. मागच्याच महिन्यात बापाने चल म्हटलं तेव्हा हिला ऊन लागत होतं! मंगळवारी रत्नाकरराव मुद्दाम लवकर घरी आले तर दुर्वा संपदाकडे. गुरुवारी आले तर संपदा त्यांच्याकडे, आणि तीसुद्धा पायरीवर! त्यांच्या पायरीवर, त्यांच्या बाजूला!

"तुम्ही जळून राहिले," सुहासिनीवहिनी चपाती लाटता लाटता म्हणाल्या.

"मी? काहून जळीन? मीच तर बोलावली तिला!"

"म्हणूनच तर."

"चल, काहीतरीच!" असं म्हणून ते फळ्यावरचा आकडा पुसायला गेले. चौदाचे तेरा करताना खडू दोनदा तुटला.

आणि एवढं सगळं होऊनही, दुर्वाला विचारलं, "मग जाणार नं पुण्याला?" तर उत्तर तेच. "बघू. एकतीसला सांगीन." म्हणजे पोरगीही हातची गेली आणि पुणंही पक्कं नाही!

शेवटी रत्नाकररावांनी ठरवलं की संपदाला स्पष्ट सांगून टाकायचं, बाई, आता पुरे. बँकेत गेले. रांग सोडून थेट तिच्या टेबलापाशी.

"काका, बरं झालं तुम्ही आलात!" संपदा म्हणाली. "मला दुर्वाबद्दलच बोलायचं होतं. तिला घरी काय वाटतंय, तुम्हाला कल्पना आहे का? ती मला परवा..."

"तिला काय वाटते हे तुम्ही मला सांगणार?" रत्नाकररावांचा आवाज चढला. "अठरा वर्षांपासून ओळखतो मी तिला! तुम्ही अठरा दिवसांपासूनही नाही!"

"काका, ऐकून तर घ्या..."

"अंकल जी, लाइन में आइए!" मागून कोणीतरी ओरडलं.

रत्नाकरराव लाइनीत आले. पाऊण तास उभे राहिले, पासबुकात एकही नवी नोंद नव्हती तरी ते छापून घेतलं आणि परत आले. जे सांगायला गेले ते सांगितलं नाही, आणि जे ऐकायला हवं होतं ते ऐकलं नाही.

*

पंचवीस तारखेला बाळाजीने कँटीनमध्ये शेवटची काडी टाकली.

"अक्षतला स्टेशनपर्यंत न्यायला दोन ढोलवाले सांगितले मी. आपल्या पोराला वाटलं पाहिजे नं, काहीतरी मोठं करून राहिलो! तुझं काय?"

रत्नाकररावांच्या छातीत एकदम दोन आगी पेटल्या, एक बाळाजीची आणि एक संपदाची. आणि त्या दोन्हींच्या उजेडात त्यांना रस्ता दिसला! दुर्वाची पाठवणी अशी करायची की रांझीने पाहिली नसेल. पोरगी थक्क झाली पाहिजे. पुण्याला जायला हरखली पाहिजे, आणि हरखली ती बापामुळे हे तिला जन्मभर आठवलं पाहिजे. वेलची विसरली पाहिजे!

संध्याकाळी ते थेट बँडवाल्याच्या दुकानात.

"कौन सी तारीख, साहब?"

"इकतीस. दोपहर तीन बजे. क्वार्टर पर."

"नाम?"

"रत्नाकर पांढरीपांडे."

"अच्छा, अच्छा! जीप भी?"

"जीप!"

"साफा, माला, बैनर, माइक?"

बाळाजीचे फक्त दोन ढोल होते. "सब!" रत्नाकरराव म्हणाले. "जितना होता है, सब!"

"बड़ा दिल है साहब का. लोग तो इस दिन पर भी कंजूसी करते हैं."

"ज़िंदगी में एक ही बार आता है ये दिन!"

"वही तो, साहब!" असं म्हणून बँडवाल्याने त्यांचा हात दोन्ही हातांत घेऊन दाबला. रत्नाकररावांना वाटलं, किती सहृदय माणूस!

आता जरा थांबा. फॅक्टरीत माणसं निवृत्त होतात ती महिन्याच्या शेवटच्या तारखेला. आणि रांझीचा रिवाज असा, की निवृत्त होणाऱ्या माणसाची त्या दिवशी वरातच निघते. डोक्याला साफा, गळ्यात झेंडूचे हार, उघडी जीप, पुढे बँड, आणि शेवटी माइकवर भाषण. महिन्याच्या शेवटच्या तारखेला क्वार्टरपुढे जीप आणि बँड उभा दिसला की इथलं पाळण्यातलं पोरही समजतं, कोणीतरी रिटायर झालं. हे रत्नाकररावांना ठाऊक नव्हतं का? त्यांनी स्वतः पन्नास जणांना हार घातले होते! पण जळत असलेल्या माणसाला कॅलेंडर दिसत नाही. दिसले ते फक्त बाळाजीचे दोन ढोल.

त्यात शेवटच्या आठवड्यात त्यांचा चेहरा असा उतरला होता की विभागात कोणी काही विचारलं की म्हणत, "अपना क्या है अब. इकतीस को सब ख़तम." आणि बँडवाल्याने बँडची बातमी तोवर विभागात पोचवली होतीच.

*

एकतीस तारखेला त्यांनी अर्धी रजा टाकली. चार वर्षांत पहिल्यांदा. निघताना विभागातले लोक एकेक करून येऊन हात मिळवू लागले.

"हिम्मत रखना, पांढरीपांडे जी."

"शुरू में घर बहुत खाली लगता है. फिर आदत पड़ जाती है."

"सुबह घूमने जाया करो. मन लगा रहेगा."

रत्नाकररावांचे डोळे भरून आले. पोरगी बाहेरगावी जाते म्हणून लोकांना एवढी कळकळ! सव्वीस वर्षांत या माणसांना आपण ओळखलंच नाही, असं त्यांना वाटलं. एका म्हाताऱ्या फोरमनने मिठी मारली तेव्हा तर ते हुंदका देऊन रडले. फोरमनही रडला.

तीन वाजता ते क्वार्टरच्या कोपऱ्यावर वळले आणि जागीच थांबले. जीप होती. अकरा जणांचा बँड होता, लाल कोटात. दोनशे माणसं होती! आणि त्यांच्या दारावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, केशरी अक्षरांत बॅनर होता, 'श्री रत्नाकर पांढरीपांडे जी को सेवानिवृत्ति की हार्दिक शुभकामनाएँ'.

"अरे!" रत्नाकरराव म्हणाले. पुढचं बोलायच्या आत डोक्यावर साफा बसला. म्हाताऱ्या फोरमनने खांद्यावर शाल टाकली. गळ्यात एक हार पडला. दुसरा पडला. सातव्या हारानंतर त्यांना समोरचं दिसेनासं झालं.

फुलांमधून सुहासिनीवहिनींचा आवाज आला. "नोकरी सोडली? मला न विचारता? काहून सोडली? चिवडा करून राहिली होती मी पोरीसाठी, कोणीतरी येऊन हारच घातला माझ्या गळ्यात!"

"अगं, मी नाही सोडली..."

"मग हा बँड कोणी बोलावला?"

"मीच बोलावला!"

"बघा!"

तेवढ्यात गर्दी फाडून बाळाजी आला. डोळे लाल, हातात हार, आणि तो हार त्याने घातला नाही, फेकल्यासारखा टाकला.

"अबे, अकरा दिवस आधी लागलो मी! आणि रिटायर तू आधी? लोक म्हणून राहिले पोरीसोबत पुण्याला राहायला चालला तू! एवढ्या वर्षांची दोस्ती, एका शब्दाने बोलला नाही?"

खरं सांगतो, त्या गोंधळातही, बाळाजीचा तो हिरवापिवळा चेहरा बघून रत्नाकररावांना क्षणभर फार बरं वाटलं. निवृत्त झालो असतो तरी चाललं असतं, असं वाटून गेलं!

मग चौघांनी उचलून त्यांना जीपमध्ये उभं केलं. हातात माइक आला. "भाषण! भाषण!"

"भाइयों और बहनों," रत्नाकरराव म्हणाले, "कुछ गलतफहमी हुई है. मैं रिटायर नहीं हुआ हूँ."

टाळ्यांचा कडकडाट झाला. "बिलकुल सही!" म्हातारा फोरमन ओरडला. "मन से कोई रिटायर नहीं होता!"

आणि मग दारात दुर्वा आली. मागे संपदा होती, हातात भेटवस्तूचा डबा घेऊन. दुर्वाने बॅनर वाचला, बापाकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

"बाबा, तुम्ही नोकरी सोडली? माझ्यासोबत यायला?"

बँड थांबला. माइक चालू होता.

"नाही ग!" रत्नाकरराव म्हणाले. "काहून सोडीन? आठ वर्षं आहेत अजून! तुझ्यासाठी बँड सांगितला होता मी, तुला पुण्याला जायची हौस वाटावी म्हणून! पण आता विचारलंच आहे तर सांगतो. मलाच नाही हौस! मला नाही आवडून राहिलं तू जाणं! ते पुणंही नाही आवडत! माझी छत्री ठेवून घेतली त्याने, आता पोरगी ठेवून घेते! आणि ही संपदा! आठवीपासून आलं कुटून राहिलो मी तुझ्यासाठी, रोज, भोंगा वाजायच्या आत! आणि ही आली, एक वेलची टाकली, आणि तू म्हणते मस्त लागते! माझ्या तोंडावर! माझ्या पायरीवर बसून!"

"क्या बोल रहे हैं?" गर्दीतून कोणीतरी विचारलं.

"इलायची से कुछ तकलीफ़ है शायद," दुसऱ्याने सांगितलं.

दुर्वा जीपजवळ आली. "मग तो फळा काहून लावला? मला वाटलं तुम्ही दिवस मोजून राहिले, ही कधी एकदा जाते म्हणून!"

"मोजूनच राहिलो होतो! रोज नवा आकडा लिहिताना खडू तुटून राहिला होता!"

"आणि माझ्या पलंगाच्या जागी कॅरम?"

"मला कॅरम खेळता तरी येते का!"

दुर्वा हसली, आणि हसता हसताच रडायला लागली. "महिनाभर मी विचार करून राहिली, घरात मी जड झाली का यांना. सूटकेस उघडी, खोली मोजून ठेवली, तुझ्याविना काही अडत नाही म्हणे! कोणी एकदा तरी म्हणावं नं, नको जाऊ!"

"काका, मी बँकेत हेच सांगत होते," संपदा हळूच म्हणाली. "तुम्ही मला बोलूच दिलं नाहीत."

रत्नाकररावांनी सगळे हार बाजूला सारून पोरीकडे पाहिलं. सात जन्मांचं धैर्य गोळा करून, माइकवरच, विचारलं, "मग... राहते का?"

"राहते काय?" दुर्वाने नाक पुसलं. "आता तर जाईनच! मागे कोणीतरी एवढं जळून राहिलं म्हटल्यावर काय मजा आहे जायला! आई, सूटकेस टाक जीपमध्ये! भैया, बजाओ!"

आणि बँड वाजला. दुर्वा बँडच्या पुढे गेली, दोन्ही हात वर केले आणि नाचायला लागली. भर रस्त्यात, पुण्याच्या नावाने! अक्षतही तिच्याशेजारी जाऊन नाचू लागला, आणि बाळाजीचे दोन ढोलवाले स्वतःहून त्या अकरा जणांत मिसळून गेले. म्हणजे आठ दिवसांची मुदत सोडली, तर समोशातली शपथ अगदी अक्षरशः खरी झाली. फक्त शपथ घेणारा जीपमध्ये साफा घालून एकटा उभा होता, आणि पोरगी मधूनच संपदाला ओढून नाचायला घेत होती, ते बघत होता. बाळाजी जीपच्या बाजूने चालता चालता म्हणाला, "शेवटी माझे ढोलही तुझ्याच वरातीत!" पण रत्नाकररावांना त्यात आता पूर्वीची गंमत वाटेना.

स्टेशनवर गाडी सुटताना रत्नाकररावांनी दुर्वाच्या हातात छोटा खलबत्ता दिला. नवा, पितळेचा. संपदाने डबा दिला, त्यात वेलची होती.

*

दुसऱ्या दिवशी भोंगा वाजला. रत्नाकररावांनी सवयीने दोन ग्लास काढले. मग एक परत ठेवला. पायरीवर सुहासिनीवहिनी आल्या आणि शेजारी बसल्या, तेव्हा उठून तो काढला.

फॅक्टरीच्या गेटवर शिपायाने त्यांना पाहिलं आणि कीव येऊन म्हणाला, "आदत नहीं छूट रही न, साहब? सब आते हैं पहले दिन." विभागात त्यांचं स्टूल दुसऱ्याने घेतलं होतं. ते परत मिळवायला तीन दिवस लागले, आणि फोरमन तर शाल परत मागायचाच बाकी होता.

चौथ्या दिवशी दुर्वाचा फोन आला.

"बाबा! कॉलेज एकदम भारी आहे! आणि ऐका नं, वेलची मी उघडलीच नाही!"

रत्नाकररावांनी फोन स्पीकरवर टाकला आणि शेजारच्या बाजूची खिडकी उघडली, बाळाजीला ऐकू जावं म्हणून. "नाही उघडली?"

"नाही! इथे मेसच्या काकू आहेत नं, त्या चहात आलंच टाकतात! स्वतः कुटून! बिलकुल तुमच्यासारखा!"

"ऐकलं?" रत्नाकरराव सुहासिनीवहिनींना म्हणाले. छाती दोन इंच फुगली होती.

"बाबा, खरं सांगू? तुमच्यापेक्षा थोडा जास्तच मस्त!"

फोन बंद झाला. भिंतीपलीकडे बाळाजी खोकल्यासारखा हसला. रत्नाकररावांनी खिडकी लावून घेतली, खलबत्ता उचलून फळीवर ठेवला, आणि मग घसा साफ करून म्हणाले,

"सुहासिनी, त्या संपदाला रविवारी जेवायला बोलाव बरं. चांगली पोरगी आहे. आणि येताना वेलची घेऊन ये म्हणावं."